वाटीतलं नाणं

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीज आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे मागाहून गैरसमज नको. मी बंद पडलो नव्हतो, मला बंद पाडलं गेलं. ते कसं, हे ऐकायची तयारी असेल तरच पुढे वाचा. गोष्ट गोड नाही.

आज मी तबेल्याच्या मागे, लिदीच्या ढिगाजवळ उभा आहे. एके काळी पांढराशुभ्र होतो, आता कोपऱ्याकोपऱ्याने गंजलो आहे. माझ्या पोटात घोड्यांचा कोंडा भरून ठेवतात, कारण माझं झाकण जड आहे आणि उंदरांना ते उचलत नाही. परवा एका कोंबडीने माझ्यावर बसून अंडं घातलं. अलीकडे माझा झालेला मानसन्मान तो एवढाच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, दोन पत्र्यांच्या मधे फोम भरला, पाठीशी मोटर बसवली आणि एका माणसाने माझ्या झाकणावर हात फिरवून 'ठीक' असा शिक्का मारला. त्या दिवशी माझ्याबरोबर तयार झालेली भावंडं आइस्क्रीमच्या दुकानांत गेली. मुलं त्यांच्यावर नाकं टेकवून उभी राहत असतील. मलाही वाटलं होतं, आपल्या नशिबात तेच असणार. पण मला एका टेम्पोत घातलं आणि घोड्यांची पैदास करणाऱ्या एका फार्मवर आणून उतरवलं. तिथल्या खाद्याच्या खोलीत, जवाच्या पोत्यांशेजारी माझी जागा ठरली. खोलीला एक अर्ध्या उंचीचं दार होतं. त्याच्या पलीकडे मोठी खोली होती, तिथे घोड्या व्यायच्या. सतरा वर्षं मी त्या दारावरून पलीकडे बघत आलो.

मला तिथे आणवलं ते आबांनी. आबा म्हणजे तिथले मोतद्दार. घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, बाळंतपण, सगळं त्यांच्या हातून व्हायचं. माणसांशी ते फार बोलत नसत. जे काय बोलायचं ते घोड्यांशी आणि पुढे पुढे माझ्याशी. मालक त्यांना म्हणाले होते, "आबा, फ्रीज घेतोय खरा, पण यात ठेवणार काय?" आबा म्हणाले, "चीक."

आता चीक म्हणजे काय, ते सांगायला हवं. व्यालेल्या घोडीचं अगदी पहिलं, दाट, पिवळसर दूध म्हणजे चीक. एकदा शाळेतली मुलं फार्म बघायला आली होती, तेव्हा आमच्या घोड्यांच्या डॉक्टरबाईंनी त्यांना माझ्याभोवती उभं करून जे सांगितलं, ते मला तोंडपाठ आहे.

"माणसाच्या बाळाला आई पोटात असतानाच थोडं संरक्षण देऊन ठेवते," त्या म्हणाल्या. "शिंगराला ते मिळत नाही. ते जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाच्या जंतूंशी लढणारं सैन्य असतं, नाही असं नाही, पण सगळे कालपरवा भरती झालेले. जंतूला धरतात, गिळतातसुद्धा. पण गिळल्यावर मारायचं कसं, ते त्यांना अजून नीट जमत नाही."

"मग मोठ्या घोड्यांना का नाही काही होत?" एका मुलीने विचारलं. "ते तर त्याच मातीत लोळतात."

"त्यांचं सैन्य वर्षानुवर्षं लढून मुरलेलं असतं. चोर ओळखीचा असतो. दिसला की धरला! म्हणून घोडी आपले तयार शिपाई चिकातून पिलाला देते. पण गंमत अशी, की शिंगराच्या आतड्याचं दार पहिले काही तासच सताड उघडं असतं. दिवसभरात ते मिटतं. मग बादलीभर चीक पाजा, पोट भरेल, पण शिपाई आत जायचे नाहीत. आणि हो, ते दार उघडं असतं तेव्हा साधूही आत येतो आणि चोरही. त्यामुळे पाजायचं ते निर्मळ पाजायचं."

मुलांनी माना डोलावल्या आणि माझ्यात आइस्क्रीम आहे का, असं विचारलं. असो.

आबांची एक रीत होती. घोडी व्यायली की आधी तिच्या शिंगराला पोटभर पिऊ द्यायचं. "आधी लेकराचं, मग शेजाऱ्याचं," असं ते म्हणत. मग घोडी दुधाळ असेल तर तिचा भांडंभर चीक काढायचा, गाळायचा, बाटलीत भरायचा, वर घोडीचं नाव आणि तारीख लिहिलेला कागद चिकटवायचा आणि बाटली माझ्या स्वाधीन करायची. पुढे एखादी घोडी बाळंतपणात दगावली, एखादीला चीकच आला नाही, तर तिच्या पिलाला ती बाटली उपयोगी पडायची.

आणि आबांची दुसरी रीत म्हणजे ती वाटी. एका स्टीलच्या वाटीत पाणी घालून त्यांनी ते माझ्यात गोठवलं आणि बर्फावर एक नाणं ठेवलं. रोज सकाळी जव मोजायच्या आधी ते माझं झाकण उघडत, नाणं बर्फावर आहे ना ते बघत आणि झाकण लावत. मी पहिल्यांदा गोंधळलो. मग कळलं. समजा, आबा गावाला गेले आणि मागे दोन दिवस वीजच नसली. माझ्यातलं सगळं वितळणार, नासणार, आणि वीज आली की पुन्हा गोठून दगड होणार. बाहेरून बघणाऱ्याला काय कळणार? बाटल्या तशाच कडक, तशाच थंड. पण बर्फाचं पाणी झालं की नाणं बुडतं, आणि पुन्हा बर्फ झाला तरी ते तळाशीच अडकून राहतं. नाणं वर असेल तर चीक चांगला. नाणं तळाशी असेल तर सगळ्या बाटल्या ओतून द्यायच्या. दोनदा तसं झालंही. दोन्ही वेळा आबांनी हळहळत का होईना, पण एकूणएक बाटली मोरीत रिकामी केली.

माझ्यातली पहिली बाटली उपयोगी पडली ती तांबडीला. तिची आई विताना गेली. ओलं, थरथरतं, नुसतं पायच पाय असलेलं ते शिंगरू आबांनी मांडीवर घेतलं आणि माझ्यातला चीक कोमट करून त्याला पाजला. तांबडी जगली. वाढली. पुढे मालकांची सगळ्यांत लाडकी घोडी झाली. मालक पाहुण्यांना खास माझ्यापाशी आणत आणि झाकणावर थाप मारून म्हणत, "ही माझी तिजोरी. तांबडी यातून निघाली आहे!" मित्रांनो, खोटं कशाला बोलू, त्या थापेने माझा पत्रा दिवसभर सुखावलेला असायचा. सतरा वर्षांत माझ्यातल्या बाटल्यांवर एकवीस शिंगरं जगली. मी मोजली आहेत. दुसऱ्या कुणी मोजली असतील असं वाटत नाही.

मग मालकांना अर्धांगाचा झटका आला. ते चाकांच्या खुर्चीत बसले आणि कारभार जावयाकडे गेला. जावई हा दहावा ग्रह, असं आपल्याकडे म्हणतात. हा ग्रह तसा वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. हुशार होता, बोलायला गोड होता, सकाळी वेळेवर यायचा. फक्त त्याला प्रत्येक गोष्ट आपल्याला आधीच माहीत आहे असं वाटायचं. सगळे त्याला जावईबापू म्हणत.

एक दिवस त्याने माझं झाकण उघडलं. बरोबर रंगारी होते, भिंतींना रंग द्यायचा होता.

"आबा, हे काय?" त्याने वाटी बाहेर काढली. "फ्रीजमध्ये पैसे कोण ठेवतं? तुमचं देवघर आहे की काय इथे?"

रंगारी हसले.

"असू द्या साहेब ते," आबा म्हणाले. "त्याचं असं आहे, की..."

पण तेवढ्यात जावईबापूंचा फोन वाजला. त्यांनी एका हाताने वाटी मोरीत आपटली, बर्फ फुटला, नाणं उचलून आबांच्या तळहातावर ठेवलं आणि बोलत बोलत ते बाहेर गेले. आबांनी नाणं खिशात टाकलं.

संध्याकाळी त्यांना सहज दुसरी वाटी भरून ठेवता आली असती. कोपऱ्यात, बाटल्यांच्या मागे, कुणाला दिसलीही नसती. मी वाट बघत होतो. ते आले, झाकण उघडलं, आत बघितलं आणि मला म्हणाले, "मला विचारायचं नाही म्हणतात ना? मग मी तरी कशाला सांगू?" आणि झाकण लावलं. मित्रांनो, आबांवर माझा फार जीव होता. म्हणूनच हे वाक्य मी गाळत नाही.

उन्हाळ्यात विकायला काढलेली वर्षा-दीड वर्षाची शिंगरं बघायला मोठी गिऱ्हाइकं येणार होती. तीन दिवसांचा कार्यक्रम. अंगणात मांडव पडला. जावईबापूंनी आबांना सांगितलं, "चार दिवस सुट्टी घ्या, लेकीकडे जाऊन या. इथलं आम्ही बघतो." आबांच्या कपड्यांना येणारा घोड्यांचा वास पाहुण्यांना नको होता, एवढंच त्याचं कारण. आबा गेले.

शुक्रवारी सकाळी जावईबापू स्वतः खोलीत आले. मांडवातल्या मोठ्या पंख्यांची वायर कुठे पोचत नव्हती. खोलीत पिन लावायची जागा एकच होती, ती माझी. त्यांनी माझी पिन काढली आणि पंख्यांची लावली. "तासाभराने लावू," असं पुटपुटले. पाहुण्यांसाठी माझ्यात गोठवून ठेवलेला बर्फ तेवढा सरबतासाठी नेला, आणि जागा मोकळी झाली म्हणून गार न केलेल्या पेयांच्या बाटल्या आत रचल्या. मग ते पाहुण्यांत रमले.

गारवा धरून ठेवणं हे माझं कामच. शुक्रवार मी काढला. शनिवारी दुपारी माझ्या भिंतींना घाम फुटला. रविवारी माझ्यातल्या तेरा बाटल्या मऊ पडल्या, मग त्यांचं पाणी झालं, आणि त्यात काहीतरी हळूहळू उमलू लागलं, ते मला आतून कळत होतं. बाहेर टाळ्या वाजत होत्या.

सोमवारी दुपारी मांडव उतरला तेव्हा जावईबापू पुन्हा आले. जमिनीवर पडलेली माझी पिन बघून ते थबकले. झाकण उघडलं. तळाला पाणी साचलं होतं. त्यांनी आजूबाजूला बघितलं. मग एक फडकं घेऊन ते पाणी त्यांनी स्वतःच्या हाताने पुसलं. ज्या माणसाने आपला चहाचा कप कधी उचलून ठेवला नव्हता, त्याने माझा तळ लख्ख पुसला, पेयांच्या बाटल्या बाहेर काढल्या, चिकाच्या बाटल्या सरळ उभ्या केल्या, पिन लावली आणि हात धुतले. मंगळवारी सकाळी सगळं पुन्हा दगडासारखं घट्ट झालं होतं.

आबा परत आले. झाकण उघडून आत हात घातला. बाटल्या कडक होत्या, पण दोन कागदांवरची शाई पसरली होती. आबा ती शाई बोटाने चाचपत राहिले. अंगणात जावईबापू दिसले तेव्हा त्यांनी विचारलं, "साहेब, मधे फ्रीज बंद होता का हो?"

"छे! बंद कशाला असेल?"

"कागदं ओली झाल्यासारखी वाटतात."

"कुणाचा तरी ओला हात लागला असेल, आबा. पाहुणे काय कमी होते? तुम्ही पण ना, शंकेखोर!"

वाटी असती तर नाण्याने एका शब्दात उत्तर दिलं असतं. पण नाणं आबांच्या खिशात होतं. आबा मूग गिळून कामाला लागले.

यानंतर तीन आठवड्यांनी तांबडीचे दिवस भरले. आता ती सतरा वर्षांची होती. हे तिचं शेवटचं बाळंतपण, असं डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. व्यायच्या दोन दिवस आधीपासून तिच्या कासेतून चीक ठिबकायला लागला. येणारा-जाणारा म्हणे, "बघा, किती दूध! ओसंडून चाललंय!" आबांचा चेहरा मात्र उतरला होता. त्यांनी डॉक्टरबाईंना फोन केला.

"तिचा सगळा चीक आधीच गळून चाललाय, आबा," त्या फोनवर म्हणाल्या. खोलीत सामसूम होती, मला ऐकू आलं. "पिलाच्या वाटणीला नुसतं दूध राहणार. फ्रीजमध्ये किती आहे?"

"तेरा बाटल्या."

"मग काळजी नाही."

माझी मोटर त्या दिवशी खूप घरघरली. दुसरं काय करणार होतो मी? आबा माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाले, "आता हाही कुरकुरायला लागला."

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं खिडकीत आली होती तेव्हा, तांबडी व्यायली. मादी होती. आईसारखीच तांबूस, कपाळावर बोटाएवढा पांढरा ठिपका. तासाभरात ती चार पायांवर उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. मालकांची खुर्ची दारात आणली होती. त्यांना नीट बोलता येत नसे, तरी ते हसत होते आणि डोळे पुसत होते. खुर्चीमागे, मुठी धरून, जावईबापू उभे होते.

डॉक्टरबाईंनी तांबडीच्या दुधाचा थेंब आपल्या छोट्या दुर्बिणीसारख्या यंत्रावर टाकून उजेडाकडे धरला. "पाणी आहे नुसतं," त्या म्हणाल्या. "आबा, आणा बाटली."

आबांनी माझ्यातून बाटली काढली आणि कोमट पाण्यात ठेवली. उकळतं पाणी वापरलं तर चिकातले शिपाई मरतात, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. सावकाश वितळू दिली. झाकण उघडून नाकाशी धरली आणि ते थांबले.

"बाई, वास जरा... आंबूस येतोय का बघा."

डॉक्टरबाईंनी हुंगून बघितलं. थेंब यंत्रावर टाकला. "दाट तर आहे," त्या म्हणाल्या. "पण दाटपणा कळतो यात, नासलंय की नाही ते नाही कळत. फ्रीज मधे कधी बंद पडला होता का?"

आबांनी जावईबापूंकडे बघितलं.

"हे बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "दीड तासावर दुसरा फार्म आहे. त्यांच्याकडे चीक आहे. जरा जरी शंका असेल तर आत्ता सांगा. मी स्वतः जाऊन घेऊन येते. हिच्याकडे अजून वेळ आहे. पण हे पाजलं की पाजलं."

मालकांनी मान वळवली आणि अडखळत विचारलं, "काय... जावईबापू? तुमच्या... देखत चालू होता ना?"

एक शब्द पुरला असता, मित्रांनो. 'नव्हता' एवढाच. फार तर सासऱ्यासमोर मान खाली गेली असती, दोन दिवस घरात कुणी बोललं नसतं. मी दारावरून बघत होतो. खुर्चीच्या मुठींवर त्यांची बोटं पांढरी पडली होती.

"हो, हो. चालूच होता," जावईबापू म्हणाले.

आबांचा हात खिशाकडे गेला. क्षणभर मला वाटलं, ते आता नाणं काढून सगळ्यांसमोर धरतील आणि म्हणतील, माझी वाटी काढली तेव्हापासून या फ्रीजबद्दल मला काहीच सांगता येत नाही. हात तिथेच राहिला. मग त्यांनी बाटलीला रबरी निपल लावलं आणि शिंगराच्या तोंडात दिलं.

ती चुटूचुटू प्यायली. शेपटी हलवत प्यायली. मालक टाळ्या वाजवायला गेले, पण त्यांचा एकच हात उठला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी तिचं रक्त तपासलं. आईकडून जेवढं संरक्षण यायला हवं होतं, त्याचा चौथा हिस्साही रक्तात नव्हता. त्यांनी धडाधड फोन केले. मोठ्या घोड्याच्या रक्तातून काढलेल्या पिवळसर पाण्याची पिशवी मागवली आणि ती शिंगराच्या शिरेत चढवली. तेही उसने शिपाईच, पण उशिरा आलेले. आतड्याचं दार उघडं होतं तेव्हा साधू आलाच नव्हता. चोर तेवढे आत शिरले होते, आणि ते माझ्याच बाटलीतून गेले होते. जी बाटली तिला राखायची, तिनेच तिचा घात केला. हे मी आजही कुणाला सांगू शकत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

तिसऱ्या दिवशी तिने पिणं सोडलं. अंग तापलं. चौथ्या दिवशी पुढच्या पायाचा गुडघा सुजून गरम झाला, मग मागचा सांधा. डॉक्टरबाई दिवसातून तीनदा येत. आबा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसत, जसे सतरा वर्षांपूर्वी तांबडीचं घेऊन बसले होते. आणि जावईबापू? ते पळत होते. शहरातून औषधं आण, बर्फ आण, मोठ्या डॉक्टरांना आण. सगळ्यांत महागडं ते मागवत होते. जे फुकट होतं आणि वेळेवर द्यायचं होतं, ते सोडून सगळं देत होते.

तांबडी त्याच खोलीत होती. तोच पेंढा, तीच हवा, तेच जंतू. ती पिलाला नाकापासून शेपटीपर्यंत चाटत होती. तिला साधी शिंकही आली नाही. तिच्या रक्तातलं ते मुरलेलं सैन्य आपल्या जागी खडं होतं, आणि तिच्या पुढ्यात तिचं लेकरू त्याच्यावाचून जात होतं.

अकराव्या दिवशी दुपारी शिंगरू गेलं. तांबडीने तिला दोनदा नाकाने ढकलून उठवायचा प्रयत्न केला. मग ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

डॉक्टरबाईंनी माझ्यातल्या उरलेल्या बाराही बाटल्या तपासायला नेल्या. तीन दिवसांनी बाई परत आल्या, तेव्हा मालक, जावईबापू आणि आबा खाद्याच्या खोलीतच होते.

"सगळ्या नासल्या आहेत," त्या म्हणाल्या. "वितळून पुन्हा गोठल्या आहेत. हा फ्रीज निदान दोन-तीन दिवस बंद होता."

जावईबापू म्हणाले, "जुना झालाय तो. मधूनमधून बंद पडत असणार. आवाज नाही का करत होता? आबाच म्हणत होते."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. सतरा वर्षांत मी एकदाही आपण होऊन थांबलो नव्हतो.

डॉक्टरबाईंनी माझं झाकण उघडलं आणि आत बघितलं. "आबा," त्या सावकाश म्हणाल्या, "तुमची ती वाटी कुठे आहे? नाण्याची?"

आबांनी खिशातून नाणं काढलं आणि तळहात पुढे केला.

"खिशात?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

जावईबापू खिडकीबाहेर बघू लागले. मालकांनी एकदा नाण्याकडे, एकदा आबांकडे आणि मग बराच वेळ जावयाच्या पाठीकडे बघितलं. त्यांना काय कळलं, काय नाही, कोण जाणे. त्यांना बोलता कुठे येत होतं.

आठवड्याने नवा फ्रीज आला. त्याला लाल दिवा आहे, गारवा कमी झाला की तो ओरडतो आणि म्हणे फोनवर निरोपही पाठवतो. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. मला चौघांनी उचलून लिदीच्या ढिगापाशी आणून ठेवलं. ठेवताना एक जण म्हणाला, "याच्यामुळेच मेलं ना ते पिलू?" दुसरा म्हणाला, "हो, यानेच मारलं."

त्या संध्याकाळी आबा आले. ते काम सोडून लेकीकडे चालले होते, गाठोडं खांद्याला होतं. त्यांनी माझं झाकण उघडलं. आत काही नव्हतं, नुसता अंधार आणि जुन्या दुधाचा वास.

"तुझी काही चूक नव्हती रे," ते म्हणाले. "त्याने पिन काढली, हे मला शाई बघूनच कळलं होतं. पण म्हटलं, होऊ दे फजिती त्याची. त्याची व्हायची होती, झाली कुणाची?"

मग त्यांनी नाणं माझ्यात टाकलं. ते तळावर पडलं, गोल फिरलं आणि आडवं झालं. आबांनी झाकण लावलं. पुन्हा ते आले नाहीत.

मित्रांनो, माझ्या जातीचे लोक शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या, आम्हाला पुसा, आम्हाला फेकू नका. मी तसं म्हणणार नाही. मला फेकलं याचं मला आता काही वाटत नाही. माझं मागणं निराळं आहे. तुमच्या हातून कधी कुणाची पिन निघाली, तर तळ पुसत बसू नका. ओरडून सांगा. मान खाली जाईल, जाऊ द्या. ती वर येते. आणि तुम्हाला खरं माहीत असेल, पण तुमचा अपमान झालेला असेल, तर रुसा, भांडा, हवं तर जन्मभर बोलू नका, पण तेवढं खरं आधी सांगून टाका. तुमच्या रुसव्याची किंमत तुम्हाला मोजावी लागत नाही. ज्याला अजून नीट उभंही राहता येत नाही, असं कुणीतरी ती मोजतं.

हल्ली महिन्यातून एकदा कोंडा संपत येतो. माणूस वाकून पत्र्याच्या मापाने तळ खरवडतो, तेव्हा काहीतरी खणकन वाजतं. त्याला वाटतं, जुना फ्रीज आहे, एखादा स्क्रू निखळला असेल. तो वरून नवं पोतं ओततो आणि निघून जातो. पण ते नाणं आहे, मित्रांनो, आणि ते तळाशी आहे. नाणं तळाशी दिसलं की काय समजायचं, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.